क्रूझच्या बुकिंगमध्ये बाळाचं नावच नव्हतं: एजंटने आम्हाला कसं गंडवलं

क्रूझ बुक करताय आणि घरात दोन वर्षांच्या आतलं मूल आहे, तर एजंटला पूर्ण पैसे द्यायच्या आधी हे वाचा. लांबलचक झालंय, पण आमच्या नाशिकमध्ये याच माणसाने अजूनही काही जणांना असंच गंडवलंय हे नंतर कळलं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. एजंटचं नाव विचारू नका, केस चालू आहे आणि वकिलांनी नाव कुठेही टाकू नका म्हणून बजावलंय.

२०२४ ची दिवाळीची सुट्टी. आधी सिंगापूर फिरायचं, मग मरिना बे क्रूझ सेंटरवरून जहाज, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर असा प्लॅन. आम्ही दोघं, सिनियर केजीतली मुलगी, सव्वा वर्षाचा मुलगा आणि सासू-सासरे. एजंट तसा गावातलाच, कॉम्प्लेक्समध्ये एसी ऑफिस, भिंतीवर मोठमोठ्या जहाजांचे फोटो, बोलायला एकदम गोड, वहिनी वहिनी करून चहा पाजणारा. त्याने आम्हाला जे विकलं ते असं, की जहाजाच्या बरोब्बर मधल्या भागात दोन बाल्कनीवाल्या केबिन, मधे दार असलेल्या, म्हणजे आजी-आजोबा पलीकडे आणि आम्ही चौघं अलीकडे, मुलं या केबिनमधून त्या केबिनमध्ये पळत राहतील. जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे कुठल्या मजल्यावर कुठली केबिन त्याचा नकाशा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, त्यावर दोन चौकोनांना लाल गोल केलेला, "या तुमच्या केबिन". बाळासाठी कॉट केबिनमध्ये तयार मिळेल, किड्स क्लब बाळाला सांभाळेल, तुम्ही निवांत शो बघा, आणि बाळाचं क्रूझचं तिकीट नाही, फक्त पोर्ट चार्ज आणि टॅक्स, साडेचौदा हजार.

यातली एकही गोष्ट खरी नव्हती. एकही.

सगळ्यात आधी बाळाचं सांगते कारण ते सगळ्यात भयंकर. विमानात दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसतं, त्याला सीट लागत नाही, त्यामुळे जहाजातही तसंच असेल असं कोणालाही वाटतं आणि हे लोक नेमका त्याचाच फायदा घेतात. जहाजावर तान्हं मूलसुद्धा एक पूर्ण माणूस धरतात. केबिन तिघांची असेल तर तीनच, चौथं मग ते सहा महिन्यांचं का असेना, चालत नाही. (बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेतच नाहीत, आणि भर समुद्रात सलग बरेच दिवस राहणारी सफर असेल तर वर्षाची अट असते, हेही विचारून घ्या.) कारण साधं आहे, हा हिशोब बेडचा नाही तर लाइफबोटीचा आहे. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडालं तेव्हा सगळ्यांना पुरतील एवढ्या बोटीच नव्हत्या, त्यानंतर १९१४ मध्ये सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यातूनच पुढे जहाजावरच्या प्रत्येक जिवामागे बोटीत जागा हवी असा नियम आला. प्रत्येक केबिनला संकटाच्या वेळी जमायची आपली आपली जागा ठरवून दिलेली असते आणि तिथला आकडा भरला की केबिनमध्ये बेड रिकामा असला तरी सिस्टिम चौथं नाव घेत नाही.

आता तुम्ही म्हणाल एजंटला हे माहीत नसेल, चूक झाली असेल. अहो त्याने बाळाचा सिंगापूरचा व्हिसा काढला, विमानाचं इन्फंट तिकीट काढलं, "इन्फंट क्रूझ चार्जेस" म्हणून साडेचौदा हजारांची पावती दिली. फक्त क्रूझच्या बुकिंगमध्ये त्याचं नाव टाकलं नाही. कारण चौघांच्या केबिन जहाजावर मोजक्या असतात, बहुतेक केबिन मुळात दोघांच्या, तिसरा-चौथा बेड म्हणजे सोफा उघडून होतो किंवा भिंतीतून खाली ओढायचा पलंग असतो, त्याला पुलमन म्हणतात, आणि तो ठराविकच केबिनमध्ये. शाळांना सुट्टी लागली की या चौघांच्या केबिन सगळ्यात आधी संपतात आणि उरतात त्या महाग. त्याने स्वस्तातली तिघांची घेतली आणि फरक खिशात घातला.

हे कळलं कसं, तर बुकिंग नंबरवरून. पैसे पूर्ण भरल्यापासून नंबर मागत होतो. कधी सिस्टिम अपडेट होतेय, कधी सिंगापूर ऑफिस बंद आहे, कधी "वहिनी नंबर निघायच्या आठवड्यातच जनरेट होतो". साफ खोटं. नंबर बुकिंग झाल्या क्षणी मिळतो. आमच्या हातात होतं ते त्याच्या लेटरहेडवरचं रंगीत व्हाउचर, त्यावर बाल्कनीचा फोटो, आणि खाली बारीक अक्षरात जीटीवाय, म्हणजे गॅरंटी. शेवटी नवरा ऑफिसात जाऊन बसला, नंबर घेतल्याशिवाय हललाच नाही, तेव्हा मिळाला. घरी येऊन कंपनीच्या वेबसाइटवर नंबर आणि आडनाव टाकलं तर पाच नावं. दोन्ही केबिन इनसाईड, म्हणजे खिडकीसुद्धा नाही, बाल्कनी तर सोडाच. आणि केबिन नंबरच्या जागी काहीच नाही, कारण बुकिंग गॅरंटी प्रकारातलं. त्यात फक्त प्रकार पक्का असतो, केबिन कुठली ते कंपनी शेवटी उरलेल्यातून देते, आपल्याला निवडता येत नाही. एकट्यादुकट्याला स्वस्तात जायला ते चांगलंच आहे, पण दोन केबिन शेजारी पाहिजेत आणि सोबत लहान मुलं आहेत त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

लाल गोलाचं पण बघितलं मग. डेक प्लॅनवर मधे दार असलेल्या केबिनच्या भिंतीवर छोटी खूण असते, तिसऱ्या-चौथ्या बेडची वेगळी खूण असते, कोपऱ्यात सगळ्याचा अर्थ दिलेला असतो. त्याने गोल केलेल्या केबिनवर दोन्हीपैकी एकही खूण नव्हती. म्हणजे त्या आम्हाला मिळाल्या असत्या तरी मधे भिंतच होती.

कंपनीला फोन केला तर त्यांनी नम्रपणे सांगितलं की बुकिंग एजंटमार्फत आहे, बदल फक्त एजंटच करू शकतो. हे बहुतेक ठिकाणी असंच असतं बरं का, त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. मग पुन्हा त्याच माणसाच्या पाया पडणं आलं. आणि तेव्हा त्याचा सूर बदलला. आता चौघांची केबिन पाहिजे तर अपग्रेडचा फरक भरावा लागेल, आत्ताच्या रेटने, आणि तो पण जीपेवर, त्याच्या बायकोच्या नंबरवर. निघायला जेमतेम चार दिवस. क्रूझ निघायच्या शेवटच्या काही दिवसांत रद्द केली तर बहुतेक ठिकाणी शंभर टक्के पैसे कापतात, विमानाची तिकिटं वेगळी, हॉटेल वेगळं. नंबर शेवटपर्यंत दाबून ठेवायचं खरं कारण हे. तुम्ही अडकलात की मग उरलेलं दूध काढायचं. आम्ही भरले, दुसरा काय मार्ग होता, सव्वा वर्षाच्या पोराला सिंगापूरच्या धक्क्यावर सोडून जायचं का?

जहाजावरची कथा थोडक्यात सांगते. आमची केबिन पूल डेकच्या बरोब्बर खाली. उजाडायच्या आधी वर खुर्च्या ओढायला सुरुवात, खर्रर्र खर्रर्र, पोरगं दचकून उठायचं. सासू-सासरे कितीतरी मजले खाली, एकदम नाकाकडच्या टोकाला, तिथे हलतंही जास्त, आणि फुकेतला जहाज धक्क्याला लागत नाही, पातोंगच्या समोर नांगर टाकून छोट्या बोटीतून नेतात, तर त्या नांगराच्या साखळीचा आवाज झाला तेव्हा सासऱ्यांना वाटलं जहाज कशावर तरी आपटलं. वरच्या पुलमन बेडवर सहा वर्षांच्या आतल्या मुलांना झोपू देत नाहीत, त्यामुळे लेक खाली माझ्याजवळ आणि पावणेसहा फुटी नवरा शिडी चढून वर. कॉट मागितलेलीच नव्हती, त्या मोजक्या असतात आणि बुकिंग करतानाच सांगाव्या लागतात, हाउसकीपिंगच्या मुलाने कुठूनतरी एक आणून दिली, देव त्याचं भलं करो. इनसाईड केबिन दीडशे-एकशेसाठ चौरस फुटांची, कॉट लावली की बाथरूमला जायला आडवं चालायचं. किड्स क्लब तीन वर्षांपासून पुढे आणि डायपर सुटलेला पाहिजे. डायपरवाल्या मुलाला पूलमध्येही नेता येत नाही. केबिनमध्ये किटली नाही आणि घरून आणलेली चालत नाही, आगीच्या भीतीने काढून घेतात, त्यामुळे बाळाच्या पेजेसाठी गरम पाणी आणायला थर्मास घेऊन बुफेपर्यंत वाऱ्या.

खरं सांगायचं तर इनसाईड केबिन लहान बाळासाठी वाईट नसते. मिट्ट अंधार, दुपारची झोप छान होते. आणि नुकतं चालायला लागलेलं मूल घेऊन बाल्कनीत मी तरी एक मिनिट निवांत बसले नसते, कठडा कितीही उंच असो. कमी पैशात कोणी मला हीच केबिन प्रामाणिकपणे सांगितली असती तर मी आनंदाने घेतली असती, पण मधल्या भागातली, खाली-वर दोन्हीकडे केबिनच असलेली. पूल, थिएटर, डिस्को, किचन यांच्या लगेच वर किंवा खाली नको. आम्ही पैसे भरले होते दोन बाल्कन्यांचे.

उतरताना अजून एक दणका. टिप्सचे पैसे, म्हणजे ग्रॅच्युइटी, त्याने "प्रीपेड" म्हणून सगळ्यांचे रुपयांत आधीच घेतले होते. जहाजाच्या बिलावर माणशी रोजच्या हिशोबाने परत लागल्या. काउंटरवर विचारलं तर प्रीपेड काहीच दिसत नाही म्हणाले.

आणि परत आल्यावर टीसीएस, म्हणजे एजंटने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर. परदेशी टूर पॅकेजवर एजंटला टीसीएस गोळा करावा लागतो, तेव्हा सात लाखांपर्यंत पाच टक्के होता (नंतर नियम बदललेत, तुम्ही चालू दर बघा). हे पैसे आपल्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना वळते करून मिळतात. आमच्याकडून तीस हजारांच्या वर घेतले. फेब्रुवारीत सीएने २६एएस, म्हणजे पॅनवर किती कर जमा झाला ते दाखवणारा उतारा, काढलं तर तिथे शून्य. म्हणजे सरकारच्या नावाने घेतलेले पैसेही गिळले. कुठल्याही एजंटकडून परदेशवारी केली असेल तर आजच आपलं २६एएस उघडून बघा, मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या एका मैत्रिणीचेही जमा नव्हते.

आता बुकिंग करणाऱ्यांसाठी. अ‍ॅडव्हान्स देतानाच सांगा की बाकीचे पैसे कंपनीचं स्वतःचं कन्फर्मेशन हातात आल्यावर, एजंटचं व्हाउचर नाही. त्यात बाळासकट प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, केबिनला नंबर आहे का, तो नंबर डेक प्लॅनवर नेमका कुठे आहे हे स्वतः बघा. दोन केबिन असतील तर शेजारी आणि मधे दार असलेली यात फरक आहे, कुठली ते लिहून घ्या. बोलण्यातलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा टाईप करून पाठवा आणि "ओके" घ्या. आमच्या केसचा सगळा भार त्या एका लाल गोलाच्या फोटोवर आणि त्याखालच्या त्याच्या "या तुमच्या केबिन" वर आहे. पैसे फर्मच्या खात्यात किंवा कार्डाने, कोणाच्या बायको-भावाच्या जीपेवर नाही, आणि जीएसटीचं बिल मागा.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. तिथून त्याला मेल गेल्यावर बाळाचे साडेचौदा हजार गुपचूप परत आले, "गुडविल" म्हणून. बाकीच्याला हात वर. मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर भरता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. आम्ही केबिनमधला फरक, अपग्रेडच्या नावाने उकळलेले पैसे, टिप्स, टीसीएस आणि मनस्ताप असं सगळं मागितलंय. समोरच्याला लेखी उत्तर द्यायला नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस असतात आणि आयोगाने वाढवून दिले तर अजून पंधरा, त्यापुढे नाही. त्याने पंधरा वाढवून घेतलेत, ते येत्या मंगळवारी संपतायत, आणि काल त्याच्या माणसाचा फोन आला होता की वहिनी, बाहेरच मिटवून टाकू, पुढच्या ट्रिपला डिस्काउंट देतो.