चार्ट झकास छापतात, पण शून्याच्या खाली कात्री चालवली

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गल्लीतलं हे डीटीपी-झेरॉक्सचं दुकान. बारावीच्या अर्थशास्त्राच्या वर्गासाठी इथून दोन बाय तीन फुटांचा रंगीत चार्ट करून घेतला. विषय: 1960 पासून इस्रायल आणि दक्षिण कोरियाला मिळालेली परकीय मदत. आज दोघंही श्रीमंत, म्हणून मुद्दाम हीच जोडी. आकडे जागतिक बँकेचे, निव्वळ विकास मदतीचे.

आधी तक्रार. 1990 नंतर कोरियाची रेघ काही वर्षं शून्याच्या खाली जाते. कॉम्प्युटरवरच्या पोरानं ती खालची पट्टीच कापून टाकली. "मॅडम, मदत मायनसमध्ये कशी जाईल ओ? मला वाटलं फाईलच गंडलीया." आता त्याला तरी काय बोलणार! निव्वळ म्हणजे आलेल्या पैशातून फेडलेलं मुद्दल वजा. त्याला सोसायटीच्या पीककर्जावर आणलं: यंदा नवी उचल नाही, उसाच्या बिलातून कपात मात्र चालूच, मग खात्यावर काय दिसेल? लगेच पटलं. तसंच कोरियाचं, जुनी सवलतीची कर्जं फिटत होती आणि नवी जवळजवळ थांबली होती. चार्ट पुन्हा छापून दिला, जादा पैसे घेतले नाहीत. याचा एक स्टार वाढवला.

दुसरं म्हणजे 'इस्रायल'चं सगळीकडे 'इस्त्रायल' करून ठेवलं होतं. इस्त्रीवाला देश! प्रूफ स्वतः वाचल्याशिवाय तिथून उठू नका.

पण पोरगं हुशार. दुसऱ्या प्रिंटला त्यानं विचारलं, "दोन्ही रेघा मधीच का तुटल्या?" माझ्या वर्गात हा प्रश्न चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. श्रीमंत देशांची संघटना (OECD) मदत घेणाऱ्या देशांची यादी ठेवते, तिच्यातून इस्रायल 1997 मध्ये बाहेर पडला, कोरिया 2000 मध्ये. त्यामुळे रेघ संपली, पण इस्रायलकडे जाणारा पैसा संपला नाही. 2016 च्या करारानुसार अमेरिका त्याला 2019 ते 2028 या काळात 38 अब्ज डॉलर देते, पण ती लष्करी मदत, विकास मदतीत धरतच नाहीत. कोरिया मात्र 2010 मध्ये त्याच संघटनेच्या मदत देणाऱ्यांच्या समितीत जाऊन बसला. सुरुवातीलाही अशीच गोची आहे. कोरियाकडे मदतीचा मोठा ओघ आला तो कोरियन युद्धातल्या 1953 च्या युद्धविरामानंतर, आणि चार्ट सुरू होतो 1960 ला. म्हणून इस्रायलचा 1980 नंतरचा डोंगर उंच दिसतो आणि कोरिया उगाच सोज्वळ वाटतो. त्यात इस्रायलची लोकसंख्या तेव्हा 50 लाखांच्या आत, कोरियाची 4 कोटींच्या वर. माणशी हिशेब मांडला तर डोंगर आणखी चढतो. तो दुसरा चार्ट पुढच्या महिन्यात इथंच करणार आहे.

कोपऱ्यात मी दोन चौकटी टाकल्या होत्या. 1952: पश्चिम जर्मनीनं नाझींच्या अत्याचारांबद्दल इस्रायलला 3 अब्ज मार्क भरपाई कबूल केली. 1965: जपाननं कोरियाला 30 कोटी डॉलर अनुदान आणि 20 कोटी डॉलर कर्ज देऊ केलं, आणि त्यातला काही पैसा पोहांगच्या पोलाद कारखान्यात गेला. पोराचे वडील शिरोलीत फाउंड्रीत आहेत. पोहांगची चौकट त्यानं न सांगता ठळक केली, मीही राहू दिली.

खर्च लॅमिनेशनसकट 320 रुपये. संध्याकाळी फॉर्म भरणाऱ्यांची झुंबड असते, सकाळी अकराच्या आत जा. गाडी लावायला जागा नाही. पाचपैकी चार स्टार.

आणि लॅमिनेशन मॅटच सांगा. मी ग्लॉसी केलं, तर वर्गातल्या ट्यूबलाइटचा उजेड नेमका 1985 वर पडतो आणि मागच्या बाकांना डोंगर दिसतच नाही.