दीर्घिकेची पुसट शेपटी टिपायची, तर भिंगाची दुर्बीण की आरशाची?

८० मिमी व्यासाची एफ/६ (फोकल लांबी व्यासाच्या सहापट) भिंगाची आणि २०० मिमी व्यासाची एफ/५ आरशाची, या दोन्ही दुर्बिणींतून मी एम५१ या सर्पिल दीर्घिकेचे फोटो काढले आहेत. प्रकाश गोळा करण्यात आरसा सरळ पुढे: आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यातून जवळपास सहापट. ३.७६ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर त्याचा एक पिक्सेल आकाशाचे ०.७८ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) व्यापतो, भिंगाचा १.६; म्हणजे आरशात तपशील जास्त बारीक. सर्पिल भुजांमधले धुळीचे काळे धागे हवे असतील तर आरशाला पर्याय नाही. पण माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून आकाशाबरोबर फिरवणारा आधार, भक्कम हवा, आणि कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, दर वेळी तपासायला हवं.

एम५१च्या शेजारच्या छोट्या सोबतीण दीर्घिकेभोवतीचा विरळ ताऱ्यांचा पदर, म्हणजे ती पुसट शेपटी, मात्र वेगळी गोष्ट. तो आकाशाच्या उजेडापेक्षा कितीतरी फिका असतो. तिथे खरा शत्रू दुर्बिणीत विखुरलेला प्रकाश आणि कच्च्या फ्लॅट फ्रेम (फोटोतला असमान उजेड दुरुस्त करायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो). फोटो स्ट्रेच केला, म्हणजे फिके भाग उजळवले, की तेजस्वी ताऱ्याभोवती धुरकट वलय उमटतं, आणि पदर कुठे संपतो, वलय कुठे सुरू होतं, तेच कळेनासं होतं. चांगल्या भिंगात हे विखुरणं कमी. म्हणूनच फिक्या दीर्घिका टिपणाऱ्या न्यू मेक्सिकोतल्या ड्रॅगनफ्लाय प्रकल्पाने ४०० मिमी फोकल लांबीच्या कॅमेरा लेन्सच एकत्र बांधल्या. शिवाय छोट्या भिंगाच्या रुंद फ्रेममध्ये दीर्घिकेभोवती मोकळं आकाश भरपूर उरतं, त्यामुळे पार्श्वभूमीचा उजेड नीट वजा करता येतो.

पदरासाठी मी छोटी भिंगाची दुर्बीणच लावतो. प्रकाश कमी, म्हणून जास्त रात्री लागतात. अंधाऱ्या आकाशाखाली दहा-पंधरा तास तरी धराच.