अंगठ्याला कुलूप लावावं का?

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कोयते घेऊन साखर कारखान्यावर निघतात. तेव्हा पुण्यात कामाला असलेल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला: आई-बाबांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करू का?

लॉक नसेल तर सोय मोठी. गावातल्या मिनी बँकेत आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर पैसे हातात. ना पिन, ना ओटीपी. धोकाही नेमका तिथंच. खरेदीखतावरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवायचे आणि खाती साफ करायची, असे गुन्हे देशात ठिकठिकाणी उघडकीस आलेत. पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलून आणणार?

लॉक केलं की ठसा, डोळे, चेहरा सगळंच बंद. चोरासाठी बंद, तसंच रेशनच्या मशीनसाठीही. तात्पुरतं उघडायला आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि कुलूप उघडं राहतं १० मिनिटं. दुकानातली रांग, पडलेला सर्व्हर आणि उसानं झिजलेला अंगठा हे सगळं १० मिनिटांत बसवून दाखवा! त्यात ते सिम रिचार्जवाचून कधीच मेलेलं असतं. नवा नंबर जोडायला ७५ रुपये, पण खरा खर्च बुडालेल्या रोजाचा आणि तालुक्याच्या खेपांचा.

मोबाइल चालू असेल, रेशन घरातलं दुसरं कुणी उचलत असेल, तर बेलाशक लॉक करा. बाकीच्यांना मी तिसरी वाट सांगतो. आधारवरून पैसे काढणं बंद करा, असा लेखी अर्ज दिला की अनेक बँका ते बंद करतात. रेशनचा अंगठा चालू राहतो. पैशासाठी मात्र शाखेत किंवा एटीएमला जावं लागतं. हे नको असेल तर अनुदानाच्या खात्यात थोडेच पैसे ठेवा आणि उचलीची (ऊसतोडीआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशांची) रक्कम आधार न जोडलेल्या खात्यात टाका. बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच रद्द केली. सरकारी अनुदानासाठी तेवढं जोडावंच लागतं.

अर्जाची शिक्का मारलेली पोच मागून घ्या. निजामकाळातल्या कुणबी नोंदी धुंडाळायला अख्खी समिती बसलेल्या मुलखाला कागदाची किंमत मी काय सांगू! आणि झेरॉक्स देताना शेवटचे ४ अंकच दिसणारं मास्क्ड आधार द्या, चालत असेल तिथं.