फळ्यावरचे लाकडी गुण्ये: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये शाळा सुरू होताना फळ्यासाठीचा लाकडी भूमिती संच पदरचे पैसे घालून आणला. त्यातला कोनमापक बरा आहे, खडूचा कंपास सगळ्या कंपासांसारखाच मध्येच घसरतो. लिहायचंय ते दोन गुण्यांबद्दल, म्हणजे एक कोन काटकोन असलेल्या त्रिकोणी पट्ट्यांबद्दल. नववीच्या ‘त्रिकोण’ प्रकरणातले ३०-६०-९० आणि ४५-४५-९० अंशांच्या त्रिकोणांचे गुणधर्म यंदा मी त्यांच्याच जोरावर शिकवले.

आधी मी काय करायचे, तर नियम फळ्यावर लिहायचा: ३०° समोरची बाजू कर्णाच्या निम्मी, ६०° समोरची √३/२ पट. मग सिद्धता, मग उदाहरणं. मुलं घडाघडा म्हणायची. आणि चाचणीत ‘६०° समोरची बाजू १२, तर कर्ण किती?’ विचारलं की निम्मा वर्ग २४ लिहून मोकळा! ‘निम्मी’ एवढाच शब्द डोक्यात राहतो, कुठली बाजू ते गळून जातं. उत्तर ८√३, म्हणजे १३.८६ च्या आसपास. कर्ण बाजूच्या दुप्पट आला तर आकृती कशी दिसेल, हे कुणाच्या डोळ्यांपुढे येतच नव्हतं.

यंदा नियम सांगितलाच नाही. मोठा गुण्या फळ्यावर धरून कडेने खडू फिरवला आणि दोन मुलांना मोजायला लावलं. कर्ण ६० सेंमी, लहान बाजू ३०, तिसरी जेमतेम ५२. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, कोन दुप्पट झाला तर बाजू पण साठ पाहिजे ना?” मी काही बोलायच्या आत पुढची मुलगी म्हणाली, “मग ती कर्णाएवढीच होईल की!” वर्गात एकदम शांतता. त्या दोन वाक्यांनी माझे संचाचे पैसे वसूल झाले. मग तोच गुण्या लांब बाजूवर उलटवून दुसऱ्यांदा आखला. समोर ६० सेंमी बाजूंचा समभुज त्रिकोण उभा राहिला. तळाची बाजू ३० अधिक ३०, सिद्धता त्यातच आली. ४५ च्या गुण्याला तर दहा मिनिटंही लागली नाहीत: दोनदा आखला की चौरस, गुण्याचा कर्ण म्हणजे त्या चौरसाचा कर्ण.

आता तक्रार. आमची शाळा कोकणात. जुलैच्या पावसात लाकूड फुगलं आणि ३०-६० च्या गुण्याचा काटकोनाचा सांधा ढिला झाला. नुसत्या डोळ्यांना कळलंही नसतं. एका आडव्या रेषेवर गुण्या ठेवून लंब काढला, मग त्याच बिंदूशी गुण्या उलटा करून पुन्हा काढला, तर दोन रेषांत वर बोटभर फट. (या रीतीत चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणून ती मला आवडते.) सुताराने सांधा फेविकॉल आणि स्क्रूने बसवला, त्यानंतर तक्रार नाही. पण नवीन वस्तूला महिनाभरात सुतार दाखवावा लागणं काही बरं नव्हे.

दुसरं म्हणजे, एवढा गुण्या बाईंच्याच हातात राहतो. मुलांच्या कंपासपेटीत हीच जोडी प्लास्टिकची असते आणि वर्षभर कोरी पडून असते, म्हणून तीही बाहेर काढायला लावली. यात एक फसगत होते: छापलेली पट्टी कडेपासून सुरू होत नाही, थोडी आत असते. तिच्यावर मोजलं तर बाजू कमी भरते आणि पोरं म्हणतात नियम चुकला. वहीत आखून घ्यायचं, गोलसर कोपरे रेषा वाढवून पुरे करायचे आणि साध्या पट्टीने मोजायचं. दोन्ही गुण्ये जोडून १५°, ७५°, १०५° काढायचा खेळ तर मधल्या सुट्टीतही चालू होता.

आणि यातलं काहीच नसेल तर ए-फोर कागद. आखूड बाजू लांब बाजूवर येईल असा कोपरा दुमडला की ४५° ची घडी पडते, आणि ती घडी कागदाच्या लांब बाजूएवढीच भरते, कारण २१० मिमीची √२ पट म्हणजे जवळजवळ २९७. फुलस्केपवर हे जमत नाही, मी करून पाहिलंय.

संच घ्या, पण घेताना दुकानातच कागदावर लंब काढून गुण्या उलटा करून बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.