ड्रॉपडाउन मेनू: हॉवर सीएसएसचा की जावास्क्रिप्टचा?

एका पतसंस्थेच्या साइटचा, माउस वर नेला (म्हणजे हॉवर केला) की उघडणारा मेनू मी दोनदा बांधला. आधी जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीने, मग वैतागून नुसत्या सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांनी.

जेक्वेरीकडे वळलो ते सवयीने. आयई 6 या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरला सीएसएसचा हॉवर फक्त लिंकवर कळायचा, तेव्हा स्क्रिप्टशिवाय गत्यंतर नव्हतं. आयई 6 गेला, सवय राहिली. माझ्या क्रोममध्ये मेनू झकास घरंगळत उघडायचा. मग तो संस्थेच्या काउंटरवरच्या जुन्या पीसीवर, फायरफॉक्समध्ये उघडला. मॅनेजरसाहेबांनी माउस मेनूवरून चार वेळा इकडून तिकडे फिरवला आणि हात काढून घेतला. मेनू थांबेना. ‘ठेवी’ उघडतंय, मिटतंय, पुन्हा उघडतंय. "अहो, याला झालंय काय?"

झालं होतं असं, की माउस आत-बाहेर झाला की दरवेळी एक अ‍ॅनिमेशन रांगेत उभं राहायचं. त्यात मी माउसओव्हर हा इव्हेंट (माउस वर आल्याची सूचना) बांधलेला, म्हणजे आतल्या लिंकवरून जातानाही इव्हेंट बापापर्यंत, म्हणजे बाहेरच्या घटकापर्यंत पोचणार. माउस बाहेरच्या घटकात शिरला तरच कळवणारा माउसएंटर वापरून आणि आधी चालू अ‍ॅनिमेशन थांबवणारा ‘स्टॉप’ लावून रांग गेली. धक्के मात्र गेले नाहीत, कारण स्लाइडमध्ये उंची बदलते आणि ब्राउझर प्रत्येक फ्रेमला मांडणी नव्याने मोजत बसतो.

सीएसएसमध्ये मी ओपॅसिटी (अपारदर्शकता) आणि व्हिजिबिलिटी (दिसणं-लपणं) बदलतो, उंचीला हात लावत नाही. त्याच पीसीवर मेनू निमूट उघडला. आकडे मोजले नाहीत, पण साहेबांचा पुन्हा फोन आला नाही.

जावास्क्रिप्टला अगदीच मोडीत काढू नये. दोन-तीन पातळ्यांचा मेनू असेल, तर माउस तिरका उपमेनूकडे चाललाय की शेजारच्या नावाकडे, हे स्क्रिप्टच ओळखू शकते. एस्केप दाबून मेनू मिटवायलाही तीच लागते. आयपॅडवर तर हॉवरचा भरवसा दोघांनीही धरू नये, तिथे टॅपची वेगळी सोय हवी.

पण एका पातळीचा साधा मेनू असेल, तर मला वाटतं सीएसएस पुरे. माउस जरा घसरला तरी मेनू टिकावा म्हणून मिटताना 0.3 सेकंदांचा उशीर द्या, उघडताना शून्य. मिटतानाचा उशीर मूळ, म्हणजे हॉवर नसतानाच्या नियमात लिहायचा, हॉवरच्या नियमात नाही. मी उलटा लिहिला होता आणि अर्धा दिवस फायरफॉक्सला शिव्या घातल्या.