व्हर्च्युअलबॉक्सची एक्सपी नव्या कॉम्प्युटरवर: आठ महिन्यांनंतर

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात अजून विंडोज एक्सपी चालते, आणि हौसेखातर नाही. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, सगळं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत आहे. त्या फाईली नव्या विंडोजवर उघडल्या की जोडाक्षरांचा पार चिखल होतो. २०१९ च्या महापुरात खरा एक्सपीचा कॉम्प्युटर पाण्यात गेला. तेव्हापासून एक्सपी व्हर्च्युअलबॉक्समध्येच आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा, नकली कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा नवा कॉम्प्युटर घेतला, विंडोज ११ टाकून. जोडून देणारा म्हणाला, "दादा, व्हीडीआयची मोठी फाईल तेवढी न्या, झालं." व्हीडीआय म्हणजे त्या नकली कॉम्प्युटरची हार्ड डिस्क, एका फाईलीत. मी ती नेली, व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवी मशीन (नकली कॉम्प्युटर) बनवून तिला जोडली. एक्सपी झटक्यात सुरू झाली, आणि माझ्या पोटात गोळा आला. डेस्कटॉप दोन वर्षांपूर्वीचा! त्यानंतरची एकही फाईल नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एक स्नॅपशॉट घेतला होता, म्हणजे गरज पडली तर परत जाता यावं म्हणून त्या क्षणाची मशीन जपून ठेवली होती. स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआय तिथेच गोठते. पुढचं सगळं काम 'स्नॅपशॉट्स' नावाच्या फोल्डरमधल्या वेगळ्या फाईलींत साठत जातं. तो फोल्डर जुन्या डिस्कवरच होता, आणि ती डिस्क त्या गड्यानं फॉरमॅटला घेतली होती. फोन करून थांबवली. दोन वर्षांची गिऱ्हाइकं तिच्यावर होती, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणखी एका संकटातून वाचलो: मी चालवली ती कॉपी होती. मूळ व्हीडीआय थेट सुरू करून तिच्यात काही लिहिलं गेलं असतं, तर वरचे स्नॅपशॉट तिच्याशी जुळलेच नसते.

मग नीट केलं. जुन्या कॉम्प्युटरवर एक्सपी पूर्ण शटडाऊन केली. बंद न करता चालू स्थितीतच सेव्ह करून नेलेली अवस्था वेगळ्या प्रोसेसरवर उठेलच याचा भरवसा नाही, आणि माझा जुना इंटेलचा होता. मशीनचा अख्खा फोल्डर, स्नॅपशॉट्ससकट, उचलला, नव्या कॉम्प्युटरवर आधीची चुकीची डिस्क यादीतून काढली (दोन्हींचा ओळख क्रमांक एकच, त्यामुळे ती असेपर्यंत दुसरी घेत नाही) आणि 'अ‍ॅड' करून .व्हीबॉक्स फाईल (मशीनची सगळी मांडणी हिच्यात असते) दाखवली. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांकही, जुनाच राहिला, म्हणून त्याच्याशी बांधलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर कुरकुरलं नाही.

आता कासव. बायोसमध्ये एसव्हीएम (असे नकली कॉम्प्युटर वेगानं चालवायची एएमडी प्रोसेसरची सोय) चालू केलं, तरी व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव येऊन बसलं. ते दिसतं म्हणजे मशीन थेट प्रोसेसरवर न चालता हायपर-व्हीवर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या तसल्याच यंत्रणेवर, रांगत चालली आहे. पेजमेकरमध्ये पान सरकवलं की ओळी एकेक करून उमटायच्या. ऐन लग्नसराईत, गिऱ्हाईक शेजारी खुर्चीवर बसलेलं असताना. पहिल्या आठवड्यात मी ठरवलं होतं, हे बंद, सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करून घ्यायचं.

ते मत मागे घेतो. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटिग्रिटी बंद केली, विंडोज फीचर्समधून व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढलं, रीस्टार्ट केलं. कासव गेलं, पान पहिल्यासारखं सरकायला लागलं. मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण आहे, ते घालवताना मन खात होतं. म्हणून एक्सपीचं इंटरनेट कायमचं तोडलं. मोठ्या अपडेटनंतर आजही आधी तो कोपरा बघतो. एकदा कासव परत आलं होतं.

व्हर्च्युअलबॉक्सचा खर्च शून्य, आणि हे माझ्यासारख्याला फार मोठं आहे. त्याच्यावर वेगळा टाकायचा एक्स्टेन्शन पॅक धंद्यासाठी फुकट नाही. पण व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजातच आलं, त्यामुळे तो मी टाकलाच नाही. पेन ड्राइव्ह एक्सपीत व्यवस्थित लागतो.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले, २००६ साली आमच्याकडेच छापलेली बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मुलीसाठी तशीच हवी होती, तोच गणपती, तीच वेलबुट्टी. फाईल उघडली, नावं बदलली, अर्ध्या तासात प्रूफ त्यांच्या हातात दिलं.