माकडतोंड्या ऑर्किडच्या नावाखाली सब्जा, आणि माझे 7,348 रुपये

वीस बिया. पाकीट बशीत ओतलं आणि मी त्या बोटानं मोजल्या. तिथंच कुणीतरी मला एक मुस्कटात ठेवून द्यायला हवी होती. ऑर्किडच्या बिया मोजता येत नाहीत हो! धुळीसारख्या असतात, एकेका शेंगेत लाखांनी. 22 वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलंय मी.

ड्रॅक्युला सिमिया, म्हणजे ते माकडाच्या तोंडाचं ऑर्किड. इक्वेडोरच्या थंड, ढगाळ डोंगरी जंगलातलं. फोटो तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. 499 रुपयांत बिया, 'कुंडीत टाका, 90 दिवसांत फूल'. पुण्यात, एप्रिलमध्ये! हसा. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने घरात अडकून बसा, हातात फोन, आणि पलीकडून कुणी गोड मराठीत 'ताई, काळजीच करू नका' म्हणू दे, मग बोलू.

सांगितल्याप्रमाणे बिया रात्रभर भिजवल्या. सकाळी प्रत्येक काळ्या बीभोवती पांढुरका, बुळबुळीत फुगा. दर उन्हाळ्यात फालुद्याला मी हेच भिजवते! तरी फोटो त्या बियावाल्यालाच पाठवला. तो म्हणाला, 'ताई, ती बुरशी, मायकोरायझा.' आणि मला पटलं. ऑर्किडच्या बीत अन्नसाठा नसतो, रुजायला तिला बुरशीच लागते, हे मला ठाऊक होतं ना! अडाणी असते तर वाचले असते. काळ्या रंगाचं समाधानही मीच शोधलं: व्हॅनिला ऑर्किडच, तिच्या बिया काळ्याच. त्याच दुपारी 1,850 रुपयांची 'बुरशी पावडर' मागवली. मैदा निघाला.

पाचव्या दिवशी कोंब, दोन-दोन दलांचे. एकदल वनस्पतीला दोन दलं! आठव्या दिवशी एक चुरगळून पाहिला, तर बोटांना तुळशीचा वास.

1922 पासून लोक ऑर्किडची बी प्रयोगशाळेत साखर घातलेल्या अगार नावाच्या जेलीवर, निर्जंतुक बाटलीत रुजवतायत; फुलायला पुढे कित्येक वर्षं. मातीत टाकायचं ऑर्किडचं बी कुणी विकत असेल तर फोन ठेवा. हौस असेल तर रोप घ्या, तेही डोळ्यांनी बघून.

पैसे परत मागितले तर क्यूआर कोड आला. 'स्कॅन करून पिन टाका, जमा होतील.' 4,999 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे सासूबाईंना मीच शिकवलंय. मुलाला अजून 499च सांगितलेत.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच मिनिटाला फोन करा. मी लाजेपायी तीन दिवस घालवले. मग सुरू झाली वारी. विक्रीच्या ॲपवाले म्हणाले, परतीची मुदत सात दिवस. पाकिटावर छापलंय 'उगवण 40 दिवसांत', मग सात दिवसांत मी काय बघायचं होतं? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात हवालदारानं विचारलं, "मॅडम, उगवलं ना? मग फसवणूक कसली?" तिथून सायबरला, सायबरहून स्टेटमेंट आणायला बँकेत, बँकेतून अर्ज घेऊन परत ठाण्यात. दुखऱ्या गुडघ्यानं, प्रत्येक वेळी दुसरा मजला. रिक्षाचे 640 रुपये वरच्या हिशेबात धरलेलेच नाहीत. चौथ्या खेपेला साहेब म्हणाले, पुरावा आणा. कुंडी मांडीवर घेऊन गेले.

साहेबांनी एक पान खुडलं, हुंगलं आणि म्हणाले, "वास छान आहे हो."